पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, स्ट्रॅट घेऊ की लेस पॉल?

हात अकूस्टिकवर बसलाय आणि वाजवायचंय ब्लूज, थोडं रॉक, असं तुम्ही लिहिलंय. मग माझं मत स्ट्रॅटला (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर; लेस पॉल गिब्सनची), पण एचएसएस मांडणीच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या तीन पिकअपपैकी ब्रिजजवळ (तारा अंगावर टेकतात तिथे) हंबकर हा दोन कॉइलचा, बाकी दोन सिंगल कॉइल. नुसत्या सिंगल कॉइलमध्ये घरातल्या विजेची घूंघूं ऐकू येते, डिस्टॉर्शन (रॉकमधला फाटका, करकरीत आवाज) चढवलं की जास्तच. हंबकरच्या दोन कॉइल उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे ती कापली जाते. लेस पॉलचा आवाज भरदार आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, आखूड (24.75 इंच, स्ट्रॅटची 25.5), म्हणून तार ओढायला हलकी. पण ते चार किलोचं धूड गळ्यात अडकवून तासभर उभं राहून बघा!

दुकानात अँपला जोडण्याआधी नुसतीच वाजवा. बाराव्या फ्रेटवरचा (नेकवरची धातूची पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जुळायला हवा. थोडा फरक असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) सरकवून निघतो. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर सरळ दुसरा पीस मागा. फ्लॉइड रोझ (दांडीने हलणारा, स्प्रिंगवर तरंगता ब्रिज) आत्ता नकोच, एका तारेचं ट्यूनिंग बदललं की बाकीच्या पाचही हलतात. आणि सगळे पैसे गिटारवर उडवू नका, अँपलाही लागतील.