मिलिटरी क्वार्टरचे सिमेंट पत्रे गोठ्यासाठी घेऊ का?

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीला लागून मिलिटरीचे जुने क्वार्टर आहेत, ते सध्या पाडून राहिले. छतावरचे सिमेंटचे पत्रे कंत्राटदाराची पोरं वरूनच खाली फेकतात, अर्धेअधिक फुटतात, जे साबूत राहिले ते भंगारवाला स्वस्तात विकून राहिला. भाऊजी म्हणतात गोठ्यासाठी घेऊन टाकू. घ्यावे का? आणि सरकारी माल आहे तर त्याची नीट विल्हेवाट सरकारनेच लावायला नको का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, अजिबात घेऊ नका, भाऊजींनाही अडवा. हे जुने पत्रे म्हणजे सिमेंट आणि अॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक धाग्यांचं एक खनिज. अखंड पत्र्यात त्याचे धागे धरून राहतात, पण पत्रा फोडला, कापला, खिळ्यासाठी भोक पाडलं की सुटतात, डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक, आणि फुफ्फुसात रुतले की रुतले. त्यातून होणारा कॅन्सर कळतो तो 20-30-40 वर्षांनी, म्हणून आज पत्रे फेकणारी पोरं धडधाकट दिसतात आणि कोणी मनावर घेत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्यात नवे पत्रे आपल्याकडे अजून राजरोस विकतात, मग लोकांना धोका वाटणार कसा?

सरकारचं म्हणाल तर, टाकून दिलेलं अॅस्बेस्टॉस 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे आणि असा कचरा घेणारी सोय आपल्या बुटीबोरीतच आहे, त्यामुळे न्यायचं कुठे हा प्रश्नच येत नाही. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे 2025 चे नवे नियम आलेत, त्यात संरक्षण खात्याच्या प्रकल्पांना वगळलंय, हे मला बिलकुल पटत नाही, कारण धूळ काही कंपाउंडच्या आत थांबत नाही. पण घातक कचऱ्याच्या नियमात अशी सूट नाही, हे धरून बोला.

फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सोबत मिलिटरीकडे 10 रुपयांचा आरटीआय टाका : पत्रे लिलावात कोणाला दिले, आणि घातक कचरा नेल्याच्या मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्या नोंदीच्या कागदाची, प्रत. मिलिटरीला आरटीआय लागत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, सुरक्षेसारखी कायद्याने वगळलेली माहिती सोडून बाकी द्यावीच लागते, आणि 30 दिवसांत.

तोवर अंगणातली धूळ कोरड्या झाडूने झाडू नका, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, आणि लेकरांना त्या ढिगाऱ्याकडे फिरकू देऊ नका.