रॉझवेलच्या यूएफओ (उडत्या तबकड्यांच्या) महोत्सवाला पहिल्यांदा जाताय?
जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ऊन भाजून काढतं, तेव्हा परग्रहवासीयांच्या वेशातली माणसं बघायला टोपी-पाणी घेऊनच रस्त्यावर उतरा. राहण्याची खोली फार आधी धरा.

पण त्याहून आधी मूळ प्रकरण वाचा, हा माझा आग्रह. ८ जुलै १९४७ ला रॉझवेलच्या लष्करी तळाने ‘उडती तबकडी’ सापडल्याचं जाहीर केलं आणि लगेच तो हवामानाचा फुगा ठरवला. १९९४ च्या हवाई दलाच्या अहवालात मात्र प्रोजेक्ट मोगल येतं: सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणारे गुप्त फुगे! मला हे परग्रहवासीयांइतकंच थरारक वाटतं. मग मेन स्ट्रीटवरचं यूएफओ संग्रहालय बघा, प्रत्येक फलकापाशी पाय थांबतील. आणि हो, त्या ‘तबकडी’चे अवशेष गावात शोधू नका. ते कोरोना नावाच्या गावाजवळच्या गुरांच्या कुरणात, शंभरावर किलोमीटर दूर सापडले होते.