वाचक विचारतात: ‘जेएसटी’ मागवलं, पण बसतच नाही!

प्रश्न: माझ्या ईएसपी३२ (छोटा प्रोग्रॅम करायचा) बोर्डावर बॅटरीसाठी छोटं पांढरं दोन पिनांचं सॉकेट आहे, माहितीत ‘जेएसटी’ लिहिलंय. ऑनलाइन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मागवली, तिलाही ‘जेएसटी’च लिहिलेलं, पण तिचा प्लग लाल आणि मोठा निघाला. थोडा घासून बसवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो थांबा, घासूबिसू नका! जेएसटी हे कनेक्टरचं नाव नाहीच, कंपनीचं आहे. जपानमधल्या ओसाकात १९५७ साली सुरू झालेली, पूर्ण नाव जपान सोल्डरलेस टर्मिनल, म्हणजे वायर सोल्डर न करता (वितळलेल्या धातूने न चिकटवता) टर्मिनलमध्ये दाबून क्रिंप करायची. त्यांच्या सिरीज ढीगभर, एकीचा प्लग दुसरीत सहसा जात नाही, त्यामुळे नुसतं ‘जेएसटी द्या’ म्हणणं म्हणजे किराणा दुकानात ‘टाटाचं द्या’ म्हणण्यासारखं, आता मीठ देऊ का चहा?

तुमचा लाल प्लग बहुतेक आरसीवाय सिरीजचा, छोट्या ड्रोनला आणि रिमोटवर उडणाऱ्या (आरसी) विमानांना असतो तो, आणि मुळात वायरला वायर जोडायलाच बनवलेला आहे, बोर्डावर बसणारा नाहीच. बोर्डावरचं सॉकेट बहुधा पीएच, दोन पिनांमधलं अंतर (पिच) २ मिमी. लिपोच्या बॅलन्स वायरला (चार्ज करताना प्रत्येक सेल सारखा ठेवणाऱ्या) एक्सएच असतं, ते २.५ मिमी, आणि सेन्सर जोडायच्या ‘क्विक’ किंवा ‘स्टेमा क्यूटी’ नावाच्या तयार केबलला चार पिनांचं एसएच, फक्त १ मिमी. ‘जेएसटी १.२५’ म्हणून जे सर्रास विकतात ते तर बऱ्याचदा मोलेक्स या दुसऱ्या कनेक्टर कंपनीच्या पिकोब्लेड सिरीजची कॉपी असते, जेएसटीचं स्वतःचं १.२५ म्हणजे जीएच, त्याला लॉक असतं. घेताना पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा आणि पिना वजा एक एवढ्याने भागा, चार पिनांत ६ मिमी भरलं तर २ चा पिच, ७.५ भरलं तर २.५ चा.

आता पीएचवाली बॅटरी घ्याल, प्लग टक्कन बसेलही, पण खरी गोची पुढेच आहे. प्लस कुठल्या बाजूला हे कोणी ठरवून दिलेलं नाही, दोन विक्रेत्यांच्या बॅटऱ्या उलटसुलट निघतात आणि उलटी लावली की बोर्ड गेला समजा. लाल वायरवर विश्वास ठेवू नका, बोर्डावरचं प्लसचं चिन्ह बघा, मल्टिमीटर लावा, मगच जोडा. उलटी निघाली तर हाउसिंगच्या (प्लगच्या प्लास्टिक खोक्याच्या) खिडकीतून दिसणारी टर्मिनलची जीभ सुईने दाबून एक वायर बाहेर काढा, तिच्यावर लगेच टेप लावा, मगच दुसरी काढा, दोन्ही उघडी टोकं एकमेकांना लागली तर लिपो पेट घेऊ शकते.

प्रश्न: मग ड्यूपॉन्ट वायर म्हणजे काय? तीही कंपनीच का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: हो, तीच ती केमिकलवाली अमेरिकन! वायरच्या टोकाचा मूळ कनेक्टर बर्ग कंपनीचा, मिनी-पीव्ही नावाचा, १९७२ साली ड्यूपॉन्टने बर्ग विकत घेतली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच, पुढे बर्ग ड्यूपॉन्टकडून गेली तरी. पिच २.५४ मिमी, ब्रेडबोर्डला (सोल्डर न करता सर्किट जुळवायच्या छिद्रांच्या पाटीला) एकदम मस्त, पण लॉक नसतो आणि उलटंही बसतं, म्हणून हलणाऱ्या रोबोटवर मी तरी वापरणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) ‘रिलिमेट’ कनेक्टर मागा, पिच तोच, उलटं बसत नाही आणि स्वस्तही पडतं.