नवऱ्याला फोरसाइथ हवंय, माझा जॉब क्लिफ्टन रोडवर: अटलांटात घर घ्यायचं कुठे?

पत्र असं आहे, थोडं कापलंय:

"ताई, आम्ही मागच्या सप्टेंबरमधे डॅलसहून अटलांटाला आलो. नवऱ्याचं ऑफिस अल्फारेटाला, आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. मी क्लिफ्टन रोडवरच्या एका रिसर्च लॅबमधे आहे, रोज जावं लागतं. तीन वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा व्हिसा) घरी बसले, ईएडी म्हणजे कामाचा परवाना आल्यावर मिळालेला हा पहिला जॉब. मुलगा 5 वर्षांचा, ऑगस्टमधे किंडरगार्टन. नवऱ्याला फोरसाइथ काउंटीत, शहरापासून लांब उत्तरेला कमिंगच्या बाजूला नवीन घर घ्यायचंय, मित्र सगळे तिकडेच, शाळा दहापैकी दहा, टॅक्स कमी, एरिया सेफ. एप्रिलमधे सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. मी एकदा तिकडून लॅबला जाऊन बघितलं, सकाळी 7 ला निघाले तर 80 मिनिटं लागली. हे बोलले तर म्हणतो तुझ्या जॉबसाठी पोराची शाळा सोडायची का. माझा पगार त्याच्या निम्मासुद्धा नाही. मीच स्वार्थी आहे का? आठवडाभर आम्ही धड बोललेलो नाही."

अगं, स्वार्थी नाहीस तू. आणि ते पगाराचं वाक्य तू कशाला लिहिलंस? तीन वर्षं घरात बसून काढल्यावर माणूस पुन्हा कामाला लागतं त्याची किंमत पगाराच्या स्लिपवर येत नाही, तुझ्यासारख्या किती मुली मी इथे बघितल्यात, पीएचडी, एमटेक झालेल्या आणि डबे भरतायत, त्यामुळे त्या जॉबला छोटा म्हणू नकोस, नवऱ्यासमोर तर अजिबात नको.

आता हिशोब. 80 मिनिटं जायला, तेवढीच यायला धर, म्हणजे दिवसाला 2 तास 40 मिनिटं, आठवड्याला 13 तासांच्या वर. वर्षाचे 48 आठवडे धरले तर 640 तास. 40 तासांचा आठवडा धरला तर हे 16 आठवडे झाले गं, जवळपास चार महिन्यांची नोकरी तू नुसती जीए-400 या हायवेवर करणार, बिनपगारी. आणि ते तास जाणार कुठून? पोराच्या जेवणातून, झोपायच्या गोष्टीतून. म्हणजे पोरासाठी म्हणून घेतलेल्या घरात पोराला आई संध्याकाळी साडेसहाच्या पुढेच दिसणार. हे नवऱ्याला असंच सांग, आकड्यांत. त्यात 400 वर नॉर्थ स्प्रिंग्सपासून फोरसाइथच्या मॅकफार्लंडपर्यंत एक्स्प्रेस लेन व्हायच्यात, काही वर्षांचं काम आहे ते, तेव्हा रस्ता लवकर सुधारेल या आशेवर घर घेऊ नका.

ट्रेनचं म्हणशील तर मार्टाची (अटलांटाची ट्रेन-बस सेवा) रेड लाइन नॉर्थ स्प्रिंग्सला संपते, ते सँडी स्प्रिंग्समधे, फुल्टन काउंटीत. फोरसाइथला मार्टा नाही. शेजारच्या ग्विनेट काउंटीत मार्टा आणायची का यावर 1971, 1990 आणि 2019 अशी तीनदा मतं घेतली, तिन्ही वेळा लोक नाही म्हणाले. आणि तुझ्या क्लिफ्टन रोडला तर रेल्वे स्टेशनच नाही, त्यामुळे कुठेही राहिलीस तरी गाडी किंवा शेवटी बस आहेच, म्हणून तर घर आणि लॅब यातलं अंतर तुझ्या बाबतीत जास्त महत्त्वाचं.

इथे नवीन आलेल्यांना काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखी नुसती नकाशावरची रेघ वाटते. जॉर्जियात अशा 159 काउंट्या आहेत, आणि शाळा, घराचा टॅक्स, शेरीफ हे बरंचसं त्या रेघेवर ठरतं. गंमत म्हणजे पोस्टाचा पत्ता त्या रेघेला जुमानत नाही, पत्त्यात अल्फारेटा किंवा सुवानी लिहिलंय पण घर फोरसाइथमधे, असं सर्रास असतं. म्हणून एजंट काय म्हणतो ते ऐकून सोडून द्या, घराचा नंबर-रस्ता टाकून शाळा कुठली लागते ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर स्वतः बघा. नवीन वस्त्या वाढल्या की झोन बदलतात हेही धरून चाला, आज ज्या शाळेसाठी घर घेतलं तीच शाळा पोरगा आठवीत जाईपर्यंत राहील याची कुणी गॅरंटी देत नाही.

दहापैकी दहाचं म्हणशील तर त्या रेटिंगमधे परीक्षेचे मार्क फार मोजतात, आणि मार्क बरेचसे आईबापाच्या शिक्षणावर आणि कमाईवर जातात. तुमचं पोरगं तुमच्याच घरात वाढणार ना? फोरसाइथच्या शाळा चांगल्याच आहेत, प्रश्नच नाही, पण जॉन्स क्रीकच्या, डनवुडीच्या, पीचट्री कॉर्नर्सच्या शाळांतूनही आपली मुलं शिकून जॉर्जिया टेकला जातायत. 5 वर्षांच्या पोराला सध्या चांगली टीचर आणि न दमलेले आईबाप लागतात.

टॅक्स. इथे घराच्या बाजारभावाच्या 40 टक्क्यांवर टॅक्स लावतात आणि त्यात शाळेचा वाटा मोठा असतो. फोरसाइथचा दर कमी आहे हे खरं, पण नवीन घराचं जे बिल बिल्डर दाखवतो ते कधी कधी नुसत्या जमिनीचं असतं, कारण 1 जानेवारीला तिथे घरच उभं नव्हतं, पुढच्या वर्षीचं बिल बघून डोळे फिरतात. एचओए (कॉलनीची वर्गणी) वेगळं, पेट्रोल वेगळं, बहुतेक आफ्टरस्कूलही वेगळं. हे सगळं एका कागदावर मांडा मग ठरवा स्वस्त काय ते.

सेफ या शब्दावर मात्र मला थांबावंसं वाटतं. 1912 साली याच फोरसाइथमधून हजाराच्या वर कृष्णवर्णीय लोकांना गोऱ्या जमावाने धाकदपटशाने हाकलून लावलं, जमिनी-घरं सोडून गेले ते, आणि पुढे कितीतरी दशकं तिथे त्यांची वस्तीच नव्हती. 1987 च्या जानेवारीत तिथे या वंशभेदाविरुद्ध मोर्चा निघाला, पहिल्या वेळी मोर्चावर गोऱ्या जमावाने दगड मारले, आठवड्याने साधारण 20,000 माणसं चालून आली. आज तिथे देशी लोकांची घरंच घरं आहेत आणि मला त्याचा आनंदच आहे, तिथे राहू नका असं मी म्हणत नाहीये. पण आपण कुठल्या मातीवर घर घेतोय ते माहीत असावं आणि पोराला मोठं झाल्यावर सांगावं.

सासूबाईंच्या बाबतीत तुझा नवरा बरोबर आहे, ते मान्य कर. फोरसाइथच्या त्या सबडिव्हिजनमधे संध्याकाळी आज्या-आजोबा घोळक्याने फिरत असतात, मराठी-तेलुगू-गुजराती सगळे, भाषा येवो न येवो दोस्ती होते. गाडी न चालवणाऱ्या बाईला दिवसभर बंद घरात सहा महिने काढणं फार कठीण जातं, माझ्या आईने काढलेत, तेव्हा मी ग्विनेटमधे जिथे राहत होते तिथे फूटपाथसुद्धा नव्हता आणि ती खिडकीत बसून माझ्या गाडीची वाट बघायची, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. पण त्या सहा महिन्यांसाठी 30 वर्षांचं कर्ज काढायचं नसतं.

माझं मत विचारशील तर या वर्षी घर घेऊच नका. व्हिसावर आहात, नवऱ्याचा जॉब गेला तर हातात 60 दिवस असतात, आणि तुझं ईएडी त्याच्याच स्टेटसला बांधलेलं आहे, अशात शहरात येऊन वर्ष व्हायच्या आत एवढी मोठी सही कशाला? एक वर्षाचं भाड्याचं बघा, डनवुडी नाहीतर पीचट्री कॉर्नर्स. डनवुडी डीकाल्ब काउंटीत, तिथून तू क्लिफ्टन रोडला खूप लवकर पोचशील, आणि नवरा सकाळी 400 वरून वर अल्फारेटाला जाईल तेव्हा गर्दी उलट दिशेला असेल, तेही दोनच दिवस. भाड्याचं घर बघताना सासूबाईंना चालत जाता येईल असं पार्क किंवा दुकान आहे का ते आधी बघ, किचन नंतर. इथे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून लीज मे-जूनपर्यंत हातात पाहिजे.

आणि अबोला तू मोड. भांडायला नको, रविवारी पोरगा झोपला की कागद घेऊन बस आणि त्याला एवढंच विचार, शाळेतून दुपारी फोन आला की पोराला ताप आहे, तर कोण जाणार? तो म्हणेल मी घरीच असतो ना. मग दोन ऑफिसच्या दिवशी? त्याला उत्तर देऊ दे, मधे बोलू नकोस. मग सांग, पुढच्या मंगळवारी तू सकाळी 7 ला कमिंगला जाऊन उभा राहा आणि तिथून माझ्या लॅबच्या दारापर्यंत गाडी चालव, संध्याकाळी 5 ला लॅबपासून परत कमिंग. तू बरोबर जाऊ नकोस, एकट्याला जाऊ दे. त्या रात्री घर-शाळा काही विषय काढू नकोस, जेवायला वाढ आणि तो आपणहून काय बोलतो ते ऐक. मग मला लिही.