वाचकांचे प्रश्न : बॅगपाइप घडवून आणि वाजवून पोट भरते का?

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवण्याचे काम चालते. स्कॉटलंडमध्ये बॅगपाइप आजही हाताने घडवतात का, आणि त्यावर एका कारागिराचे घर चालते का, हे सविस्तर सांगावे. (एक वाचक, मिरज)

उत्तर : घडवतात, आणि घरही चालते; पण केवळ नवे संच विकून ते क्वचितच चालते. हे नीट समजण्यासाठी वाद्याची रचना आधी पाहावी लागेल.

हायलँड बॅगपाइपमध्ये हवेची पिशवी, फुंकायची नळी, बोटांनी वाजवायची नळी म्हणजे चॅन्टर, आणि अखंड एकच स्वर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या म्हणजे ड्रोन असतात. त्यांतले दोन टेनर ड्रोन एकाच स्वरात बोलतात आणि बेस ड्रोन त्यांच्या एक सप्तक खाली बोलतो. या नळ्या ज्यांत बसतात ती पिशवीला बांधलेली पाच नळकांडी धरली, तर एका संचात लाकडाचे सुमारे चौदा भाग होतात. लाकूड असते आफ्रिकन ब्लॅकवूड. ते टांझानिया आणि मोझांबिक या देशांतून येते, आपल्या शिसवीच्याच कुळातले आहे आणि इतके घन असते की पाण्यात टाकल्यास बुडते. चौकोनी ठोकळ्यांना प्रथम आरपार बारीक भोक पाडतात आणि मग ते ठोकळे कित्येक महिने, शक्य असेल तिथे कित्येक वर्षे, तसेच ठेवून देतात. कारण लाकडातला ताण आणि ओलावा पुरता गेल्याशिवाय अंतिम माप घेतले, तर नळी पुढे वाकते किंवा तडकते. ज्याच्या हाताशी भांडवल कमी आहे, त्याला हे थांबणेच सर्वांत महाग पडते.

खरी कसोटी नळीच्या आतल्या पोकळीची असते. ड्रोनची पोकळी सरळ, टप्प्याटप्प्याने व्यास बदलणारी असते, तर चॅन्टरची पोकळी वरून खाली शंकूसारखी रुंदावत जाते आणि ती खास घडवलेल्या पोलादी रीमरने, म्हणजे भोक रुंदावणाऱ्या निमुळत्या हत्याराने, कोरावी लागते. रीमर किंचित जास्त आत गेला की एखादा स्वर कायमचा बिघडतो. बाहेरच्या रेघा, मणी, चांदीच्या कड्या आणि कोरीव काम याकडे ग्राहकाचे लक्ष आधी जाते, पण वाद्याचा आवाज ठरतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या या पोकळीवर. आज अनेक कार्यशाळांमध्ये संगणकावर चालणारे लेथ आहेत. त्यांनी मापे अचूक निघतात, आणि त्यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. मात्र यंत्रातून निघालेला चॅन्टर कोणीतरी फुंकून पाहावा लागतो, स्वरांची भोके आतून किंचित तासावी लागतात आणि त्याला साजेशी रीड, म्हणजे जिव्हाळी, बसवावी लागते. चॅन्टरची रीड बोरूच्या दोन पात्या बांधून केलेली असते आणि तिच्या पातीवरून चाकूचे पाते एक-दोनदा फिरवले की स्वरांचे नातेच बदलते. तुमच्या मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर जसा प्रत्येक वेळी तार छेडून कान देतो, तसेच हे काम आहे. म्हणूनच ज्याला स्वतःला वाजवता येत नाही त्याने या धंद्यात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांविषयी. साध्या सजावटीचा चांगला संच हजार पौंडांच्या पुढे जातो आणि कोरीव चांदीचा संच त्याच्या कित्येक पट. आकडा मोठा वाटतो, पण चांगला संच शंभर वर्षे सहज टिकतो, त्यामुळे एका ग्राहकाला तो सहसा आयुष्यात एकदाच विकता येतो. त्याहून मोठी अडचण अशी की ग्लासगोच्या पीटर हेंडरसन यांच्यासारख्या जुन्या कारागिरांचे ड्रोन आजही उत्तम वादक आवडीने शोधत असतात, म्हणजे नव्या माणसाची स्पर्धा हयात नसलेल्या उस्तादांशीही असते. चॅन्टरचे मात्र तसे नाही. विसाव्या शतकात बॅगपाइपची पट्टी चढत गेली. मूळ ‘ए’ स्वर आज 480 हर्ट्झच्या आसपास लावला जातो, म्हणजे पियानोच्या बी फ्लॅटच्याही थोडा वर. ड्रोनची नळी खालीवर सरकवून स्वर जुळवता येतो. चॅन्टरची भोके सरकवता येत नाहीत. त्यामुळे जुने ड्रोन आणि नवा चॅन्टर ही जोडी सर्रास दिसते, आणि चॅन्टर, रीड, पिशव्या, जुन्या नळ्यांची दुरुस्ती हीच कारागिराची वर्षभराची मिळकत होते. स्वस्त संचांचा बाजार बराचसा पाकिस्तानातील सियालकोटच्या हाती आहे. किमतीत त्याच्याशी झुंजणे स्कॉटलंडच्या कारागिराला शक्य नाही, आणि त्याने तसा प्रयत्न करूही नये.

आपल्या मुलांपैकी कोणाला या कामाची ओढ असेल, तर आधी वादन शिकवावे आणि मग लेथ. ब्लॅकवूडच्या भुशाने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून धूळ ओढून घेणारे यंत्र आणि चांगला मास्क ही पहिली खरेदी असावी.

प्रश्न : माझी मुलगी ग्लासगोमध्ये शिकते आणि तिथे बॅगपाइप वाजवायला लागली आहे. केवळ वादनावर तिचा चरितार्थ चालेल का? (एक पालक, पुणे)

उत्तर : शिकण्यासाठी तिला याहून चांगले शहर मिळणार नाही. 1996 मध्ये सुरू झालेले नॅशनल पाइपिंग सेंटर तिथेच आहे, रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंडमध्ये पाइपिंगची पदवी घेता येते, आणि दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर पाइप बँडची जागतिक स्पर्धा भरते. तिथे पहिल्या श्रेणीत वाजवणाऱ्यांचे कौशल्य थक्क करणारे असते, तरी त्यांतले बहुतेकजण शिक्षक, अभियंते, सुतार असे काही ना काही काम करून संध्याकाळी सरावाला येतात. बँडमध्ये वाजवल्याचा पगार सहसा मिळत नाही.

ज्यांचे पोट वादनावर चालते, ते अनेक ठिकाणचे थोडेथोडे जोडतात. लग्नात वधूच्या आगमनाला आणि अंत्यविधीत दफनाच्या वेळी पाइपर बोलावण्याची प्रथा तिथे अजून घट्ट आहे. 25 जानेवारीला स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मेजवानीत ‘हॅगिस’ हा पदार्थ पाइपच्या सुरांवर आणतात. त्या दिवसाच्या सुपाऱ्या चांगल्या पाइपरला फार आधीपासून आलेल्या असतात. 31 डिसेंबरची रात्रही तशीच. उन्हाळ्यात एडिंबरोच्या रॉयल माइल या रस्त्यावर पर्यटकांसमोर वाजवणारे असतात. नियमित उत्पन्न मात्र शिकवण्यातूनच येते, शाळांतून किंवा खासगी शिकवण्यांतून.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. ती विद्यार्थी व्हिसावर असेल, तर त्या व्हिसात स्वयंरोजगाराला आणि व्यावसायिक कलावंत म्हणून काम करायला परवानगी नसते. त्यामुळे एखाद्या लग्नात वाजवून मानधन घेणेही तिच्या अंगाशी येऊ शकते. पदवी हाती येऊन व्हिसाचा प्रकार बदलेपर्यंत तिने फक्त शिकावे.

आणि शिकायलाही पुष्कळ आहे. पहिले कित्येक महिने पिशवीशिवाय केवळ सरावाच्या चॅन्टरवर जातात. पिशवी हातात आल्यावर फुंक आणि काखेतला दाब यांचा तोल असा साधावा लागतो, की श्वास घेतानाही स्वर हलत नाही. चॅन्टरमध्ये स्वर नऊच, शिवाय जोर कमीजास्त करता येत नाही आणि मध्ये थांबताही येत नाही. म्हणून दोन स्वर वेगळे दाखवायचे तर मध्ये बोटांनी सूक्ष्म कणस्वर घ्यावे लागतात आणि सगळी नजाकत त्यांतच असते. तिने पिब्रॉक हा संथ विस्ताराचा जुना प्रकार अवश्य शिकावा. स्काय बेटावरील मॅक्रिमन घराण्याशी जोडली गेलेली ही परंपरा पूर्वी कागदावर न लिहिता, स्वरांना अक्षरे देऊन तोंडाने गाऊन शिकवली जात असे, आणि चांगले गुरू आजही तशी शिकवतात.

प्रश्न : एडिंबरोमध्ये मी हस्तिदंती कड्यांचा एक जुना बॅगपाइप पाहून ठेवला आहे. तो घेऊन भारतात आणता येईल का? (एक वाचक, सध्या एडिंबरो)

उत्तर : हस्तिदंत असेल तर आणू नये. ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा 2022 मध्ये लागू झाला. 1975 पूर्वीच्या आणि वीस टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना त्यात सवलत आहे, पण विक्रीपूर्वी नोंदणी करावी लागते. ती झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. देशाची सीमा ओलांडताना आंतरराष्ट्रीय वन्यजीव करार आडवा येतो. 2014 मध्ये अमेरिकेतील दोन किशोरवयीन पाइपर कॅनडातून परतत असताना त्यांची जुनी वाद्ये याच कारणाने सीमेवर अडकवून ठेवण्यात आली होती. भारतात तर हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. कुशल कारागीर जुन्या कड्या काढून तिथे कृत्रिम हस्तिदंताच्या किंवा लाकडाच्या कड्या बसवून देतात. तसे करून, त्या कामाची पावती जवळ ठेवून प्रवास करावा. ब्लॅकवूडची चिंता मात्र नको. 2017 मध्ये ते लाकूडही कराराच्या कक्षेत आले होते, तरी 2019 च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून वगळले आहे.

प्रश्न : बॅगपाइपमुळे फुप्फुसाचा आजार होतो, हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : 2016 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी अशा एका वादकाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. रोज वाजवणाऱ्या त्या गृहस्थांच्या वाद्यात बुरशी सापडली आणि तिच्या संपर्कामुळे त्यांची फुप्फुसे निकामी झाली असावीत, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. अशी उदाहरणे विरळ आहेत, पण श्वासातला ओलावा पिशवीत साचतो हे खरेच. वाजवून झाल्यावर नळ्या काढून पुसाव्यात, पिशवी उघडी ठेवून वाळू द्यावी आणि दुसऱ्याचे वाद्य न स्वच्छ करता फुंकू नये. सतत कोरडा खोकला किंवा धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना आपण बॅगपाइप वाजवतो हे आवर्जून सांगावे.