पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय

प्रश्न : घरापासून साठेक मीटरवर आमची कांदा प्रतवारीची पत्र्याची शेड आहे. दारापर्यंत वायफाय मिळतं, आत गेलं की गायब. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : रिपीटर घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. लोखंडी पत्रा रेडिओलहरी परतवतो. घरात कितीही ताकदीचं यंत्र लावा, आत पोहोचेल ते दार-खिडकीच्या फटीतून येईल तेवढंच. म्हणून इंटरनेट तारेने आत न्यायचं आणि वायफाय शेडच्या आतच तयार करायचं.

इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे तुमचं अंतर बसतं. पण दोन इमारतींमध्ये, तेही उघड्या रानात, मी फायबरच, म्हणजे काचेच्या धाग्याची केबलच सांगेन. तांब्याच्या तारेतून वळवाच्या विजेचा झटका थेट राउटरपर्यंत येऊ शकतो. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. माझ्या भावाच्या पोल्ट्रीला आम्ही हेच केलं : जमिनीखाली पाइप, त्यात फायबर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि इथरनेटचा सिग्नल एकमेकांत बदलणारी डबी) आणि शेडमध्ये साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेल्या इंटरनेटचं वायफाय करणारं यंत्र. पाइप नांगराच्या फाळाखालून, चांगला खोल जाऊ द्या.

चर खणणं शक्य नसेल, तर समोरासमोर दिसणाऱ्या दोन आउटडोअर अँटेनांचा वायरलेस ब्रिज (तारेऐवजी हवेतून दोन ठिकाणं जोडणारा दुवा) लावा. शेडकडची अँटेना मात्र पत्र्याच्या बाहेर हवी. तिची तार भोक पाडून आत घ्या. भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) बसवा, नाहीतर पत्र्याची धार तार कापते. आणि लोडशेडिंगसाठी दोन्हीकडे मिनी यूपीएस (वीज गेल्यावर यंत्रं चालू ठेवणारी छोटी बॅटरी) ठेवाच.