डॉक्टर व्हायचंय; आधी दवाखाना आतून पाहू का?

प्रश्न : मी पीयूसी सायन्सच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) आहे, नीट देणार आहे. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, तिकडे मेडिकलला अर्ज करण्याआधी डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघतात आणि अर्जात त्याचे तासही लिहितात. आपल्याकडे याचा उपयोग होतो का? आमच्या घरात कुणी डॉक्टर नाही. कुठं आणि कसं विचारायचं? – विद्यार्थिनी, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : प्रवेशासाठी काहीच उपयोग नाही. एमबीबीएसची जागा नीटच्या ७२० पैकी गुणांवर ठरते. तरीही जरूर जा. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप, एवढा पल्ला गाठायचा तर आधी चार सकाळी तिथं बसून पाहायलाच हव्यात. मात्र एकट्या डॉक्टरांना पाहून परत येऊ नका. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब ही कामं आपल्या मुलांना ‘एमबीबीएस नाही मिळालं तर’ एवढ्यापुरतीच ठाऊक असतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलपेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथं ओपीडी, ड्रेसिंग, औषधवाटप, लसीकरण सगळं एकाच आवारात दिसतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतरची सुट्टी गाठा. दुसऱ्या वर्षी बोर्ड आणि नीट यांत सवड मिळत नाही. प्राचार्यांचं पत्र घ्या, त्यावर पालकांची सही असू द्या. पत्र कन्नडमधून असेल तर सरकारी दवाखान्यात काम सोपं होतं. पत्रात नेमकं लिहा : ‘चार दिवस, सकाळी ९ ते १, फक्त निरीक्षण, पेशंटला हात लावणार नाही, फोटो काढणार नाही.’ हे वाचलं की डॉक्टरांची निम्मी काळजी मिटते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचं ते ओपीडीची गर्दी ओसरल्यावर. ऐन रांगेत विचाराल तर ‘नंतर या’ असंच ऐकावं लागेल.

ओपीडीत कोपऱ्यात बसा, डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर नको. पेशंट तुम्हालाच डॉक्टर समजून बोलू लागतात. पेशंट ‘नको’ म्हणाला किंवा अवघडला, की कुणी सांगायच्या आत बाहेर या. पोटदुखीचा पेशंट आला की नीट पाहा. डॉक्टर दुखऱ्या जागेपासून लांब हात ठेवून सुरुवात करतात आणि पोट चाचपताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतात, कारण ‘दुखतंय’ असं तोंडातून येण्याआधीच कपाळावर आठी उमटते. आपल्या भागातली आणखी एक गोष्ट कानावर पडेल : एकाला ‘कुठं दुखतंय?’ विचारलं, की पुढच्याला ‘एल्ली नोवु?’ विचारावं लागतं. कन्नड कच्चं असेल तर आतापासूनच सुधारा, इथं पेशंट तपासायला ते लागणारच.

एक दिवस सिस्टरांसोबत काढा, शक्यतो लसीकरणाचा. गोवर-रुबेलाची बाटली कालवली की त्या तिच्यावर वेळ लिहितात. चार तासांनंतर उरलेली लस टाकून द्यावी लागते. बाटलीवर गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलाइतका गडद झाला, की ती लस उष्णतेनं वाया गेलेली असते. रडणारी बाळं, कार्डावरच्या नोंदी आणि हे घड्याळ एकाच वेळी सांभाळायला काय लागतं, ते तिथं समोर दिसतं. फिजिओथेरपीसाठी बेळगावला किंवा निपाणीला जावं लागेल. पक्षाघाताच्या पेशंटला नुसतं खुर्चीतून उठायला शिकवण्यात अर्धा तास जातो. हा धीर आपल्याकडे आहे का, हे तिथंच कळतं.

पायात बंद बूट घाला, केस बांधा, अंगठ्या काढा. सर्दी-ताप असेल तर घरीच थांबा. वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्याला किंवा कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्यांना हात लावू नका. चुकून सुई टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि तिथल्या तिथं सांगा. लाजून गप्प राहण्यात खरा धोका आहे, कारण एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करावं लागतं.

ड्रेसिंग बघताना चक्कर येते, ती बहुधा उपाशीपोटी एकाच जागी ताटकळल्यामुळे. नाश्ता करून जा, पाय हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंत धरून उभं राहू नका, लगेच खाली बसा आणि डोकं गुडघ्यांत घाला. पहिल्या दिवशी असं झालं तरी दुसऱ्या दिवशी परत जा. सवयीनं बहुतेकांची चक्कर थांबते.